बंद नाही

कॉम्प्युटरच्या खोलीत जायचं तर चपला दाराबाहेर काढाव्या लागत. धूळ आत गेली की मशीन आजारी पडतं, असं सांगितलेलं होतं. सातपूरच्या त्या कारखान्यात विजेचे मोठमोठे स्विच बनत. बाकी सगळीकडे पायाखाली लोखंडाचा कीस आणि नाकात तेलाचा वास. ह्या एका खोलीत मात्र गार हवा, पांढरी फरशी, काचेचं दार. विहारात शिरताना काढाव्यात तशा तिथं चपला काढताना सुमन पगारेला रोज बरं वाटे. आपण आतले आहोत, हे आधी पायांना कळायचं.

ती टाइम ऑफिसातून इथं आली होती. तिथं हजेरीचे तक्ते टाइप करण्यात तिची नोकरी सरली असती. पण पंच्याऐंशी साली मशीन आलं तेव्हा त्याला हात लावायला कुणी धजेना, आणि विभागप्रमुख ढुंढिराज गायधनी यांनी विचारलं की सगळ्यात भरभर बोटं कुणाची चालतात. बोटं सुमनची चालत. पुढचं सगळं ती आपलं आपण शिकली. मशीनबरोबर आलेली जाडजूड इंग्रजी पुस्तकं, जयरामनं म्हणजे तिच्या नवऱ्यानं शाळेतून आणून दिलेली डिक्शनरी, आणि चुकलं तर मशीन टोमणे मारत नाही हा दिलासा, एवढ्यावर.

सकाळचं काम असं. रात्रपाळीचे सुपरवायझर आपापल्या शॉपमध्ये काय झालं त्याच्या मराठीत चिठ्ठ्या लिहून पाठवत. मशीनला मराठी अक्षरं येत नव्हती, म्हणून सुमन तोच मजकूर इंग्रजी अक्षरांत उतरवून घेई. प्रत्येक शॉपची फाइल वेगळी. मग प्रत्येक फाइलमध्ये ‘बंद’ हा शब्द शोधायचा. त्या शोधायच्या हुकमाला ग्रेप म्हणत. शब्द सापडला की मशीन ती ओळ पडद्यावर आणून ठेवी. सुमन ती वाचे, आणि काही खरंच बंद पडलेलं असेल तर दुसरा हुकूम देई, की मेंटेनन्समधल्या छपाईयंत्रावर त्या शॉपचं जॉब कार्ड निघे आणि फिटर पान्हे घेऊन निघत. काही नसेल तर रोजच्या अहवालात त्या शॉपपुढं लिहायचं, ‘निरंक’. थोडक्यात, शोधायचं मशीननं आणि ठरवायचं सुमननं.

गणपती गेल्यावर सुधा गर्गे आली. पंचवटीतली, वडिलांकडे यजमान उतरणारं घर, पुण्याला कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेला. गायधनींचंही घर त्याच आळीतलं. पहिल्या दिवशी त्यांनी तिला ‘काय गं’ म्हटलं. सुमनला ते तीन वर्षं ‘पगारेबाई’ म्हणत होते, आणि त्यात मान होता, हे तिला ठाऊक होतं. तरी तो ‘काय गं’ तिच्या कानात राहिला.

पोरगी वाईट नव्हती, हीच पंचाईत होती. वाईट असती तर सुमननं तिचा मनापासून राग केला असता आणि मोकळी झाली असती. सुधा डब्यात घरच्या साटोऱ्या आणायची, अर्ध्या सुमनपुढं ठेवायची. त्या खुसखुशीत असत. सुमननं एकदा मुद्दाम खोट काढायला म्हणून हळूहळू खाल्ली, तर उलट जास्तच आवडली.

आणि एके सकाळी सुधा तिच्या खुर्चीमागं उभी राहून थोडा वेळ बघत राहिली नि अगदी साधेपणानं म्हणाली, “बाई, हे तुम्ही रोज हातानं करता?”

हातानं. जणू सुमन तिथं पाट्यावर वाटण वाटत बसली होती.

सुधानं मग एक ओळ लिहिली. आधी तोच ग्रेप. त्याच्यापुढं ‘आणि’चं ते इंग्रजी चिन्ह, मांडी घालून बसलेल्या माणसासारखं दिसतं ते, दोनदा, शेजारी शेजारी. आणि त्याच्यापुढं जॉब कार्ड छापायचा हुकूम. तिनं समजावून सांगितलं की डावीकडचं काम जमलं तरच मशीन उजवीकडचं करतं. म्हणजे ‘बंद’ सापडलं तरच कार्ड निघेल. आणि जमलं नाही तर काय करायचं, त्यासाठी दोन उभ्या रेघा; त्यांच्यापुढं तिनं अहवालात ‘निरंक’ लिहायचा हुकूम ठेवला. सगळ्या शॉपच्या फाइली त्या ओळीतून एकामागून एक गेल्या आणि सुमनचं सकाळभराचं काम चहा यायच्या आत उरकलं. गायधनी मागं हात बांधून उभे होते. ते “वा” म्हणाले. गायधनी सहसा ‘बरं’च्या पुढं जात नसत.

सुमनला हे येत नव्हतं असं नाही. पुस्तकातलं ते पान तिनं वाचलं होतं, डिक्शनरीतून शब्दन् शब्द काढला होता, आणि समजलं नाही म्हणून उलटलं होतं. तेच पान आता दुसऱ्या कुणाच्या बोटांतून असं सहज निघालेलं पाहून तिला जे झालं, ते आपण राखून ठेवलेल्या खणाच्या कापडाची चोळी शेजारणीच्या अंगात दिसावी तसं होतं.

दिवाळीच्या तोंडावर गायधनींनी दोघींना बोलावून सांगितलं की मुंबई ऑफिसनं ह्या खोलीसाठी एकच कायमची जागा मंजूर केली आहे. दिवाळीनंतर मुंबईचे साहेब येतील, काम बघतील आणि ठरवतील. राहील ती राहील. दुसरीची सोय होईलच, सुधाची दुसऱ्या विभागात, पगारेबाईंची अर्थात पूर्वीच्या जागी. पगार कुणाचाच कमी होणार नव्हता. गायधनींनी ते पुन्हा सांगितलं, जणू प्रश्न तेवढाच होता.

टाइम ऑफिस म्हणजे गेटजवळची पत्र्याची खोली. तिथं चपला घालूनच बसत.

घरी सुमन भाकऱ्या थापता थापता बोलत राहिली, की सुधा असं म्हणाली, सुधानं तसं केलं, सुधाचं अक्षर असं. जयराम वह्या तपासत होता. तो म्हणाला की नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही जुनी चाल तू मोडलीस तेव्हा मला आनंद झाला होता, पण ह्या पोरीचं तू जेवढं घेतेस तेवढं माझं आजवर घेतलेलं नाहीस. सुमननं भाकरी तव्यावर जरा जोरात टाकली.

त्या दिवसापासून तिनं सुधाच्या ओळीतली खोट शोधायला घेतली. दुपारी सुधा जेवायला बाहेर गेली की ती ओळ पुढ्यात घ्यायची आणि पुस्तकाची पानं उलटायची. आणि एका दुपारी तिला घबाड सापडलं. आधीच्या हुकमाचं काय झालं, हे मशीनला विचारायची एक खूण होती, डॉलर आणि त्याला लागून प्रश्नचिन्ह. सुमननं वाइंडिंग शॉपच्या फाइलमध्ये ‘बंद’ शोधलं, ते सापडलेलं डोळ्यांनी पाहिलं, आणि मग मशीनला विचारलं. मशीननं उत्तर दिलं, शून्य.

शून्य. सापडलेलं असताना मशीन म्हणतंय काहीच नाही. म्हणजे ह्या ओळीचा पायाच कच्चा. सुमननं पदर खोचला आणि सरळ गायधनींच्या टेबलापाशी जाऊन सांगितलं. तिच्या आवाजात किती आनंद होता, ते गायधनींना कळलं की नाही कोण जाणे. तिला स्वतःला ऐकू आला. त्यांनी सुधाला हाक मारली.

सुधानं ऐकून घेतलं. हसली असती तर बरं झालं असतं. ती हसली नाही. “नाही हो बाई. त्याचं शून्य म्हणजे तक्रार नाही. आपण ‘निरंक’ लिहितो ना, तसं,” ती म्हणाली. “काम बिघडलं तर एक, दोन असे आकडे येतात. बिघडायच्या तऱ्हा अनेक असतात. सुरळीत होण्याची एकच.”

निरंक. टाइम ऑफिसपासून सुमननं हा शब्द किती कागदांवर उमटवला होता त्याला गणती नव्हती. अपघात निरंक, गैरहजेरी निरंक. शून्य लिहायचं आणि त्याचा अर्थ सगळं ठीक असा घ्यायचा, हे तिच्याइतकं ह्या खोलीत कुणाला मुरलेलं नव्हतं. तिचाच शब्द ह्या पोरीनं उचलून, पुसून, तिच्या हातात ठेवला होता. गायधनी म्हणाले, “आलं ना लक्षात पगारेबाई?” सुमन हो म्हणाली. पुढं दोन-तीन दिवस तिला डबा गोड लागला नाही.

खरी खोट तिला सापडली ती शोधायचं सोडून दिल्यावर. ती तिच्या स्वतःच्या बोटांत होती.

प्रेस शॉपचा रात्रपाळीचा सुपरवायझर निवृत्ती हा नामपूरकडचा माणूस. तो चिठ्ठीत ‘चालू आहे’ असं कधीच लिहीत नसे. एकदा त्यानं हौसेनं ‘मोटर उत्तम चालू’ असं लिहिलं होतं आणि ती मोटर त्याच दिवशी जळाली. तेव्हापासून त्यानं कानाला खडा लावला. चालत्या मशीनला चालू म्हटलं की दृष्ट लागते. म्हणून तो लिहायचा, ‘मोटर बंद नाही. पंखा बंद नाही. कॉम्प्रेसर बंद नाही.’ अख्खं शॉप धडधडत असायचं आणि चिठ्ठीत ओळीओळीला बंद, बंद, बंद.

पूर्वी सुमन ते जसंच्या तसं उतरवायची. पुढं वाचून ठरवणारी तीच होती. सुधाची ओळ आली त्या दिवशी निवृत्तीची चिठ्ठी हातात घेतल्यावर तिच्या बोटांनी आपसूकच ‘बंद नाही’च्या जागी ‘चालू’ टाइप केलं. मशीनला उगाच घोळात कशाला पाडा, एवढाच विचार, आणि तोसुद्धा पुरता नाही. त्यानंतर रोज. सुधा चिठ्ठ्या वाचत नसे; तिच्यापर्यंत फाइल पोचायची. तिची ओळ महिनाभर एकदाही चुकली नव्हती, आणि त्याचं कौतुक शॉपपर्यंत गेलं होतं.

हे ध्यानात आलं तेव्हा सुमन शहर बसमध्ये, सीबीएस स्टँडच्या आधी, दांडीला धरून उभी होती. मराठी माणूस ‘नाही’ शेवटी म्हणतो. सगळं सांगून झालं की मग म्हणतो. सुधाची ओळ ‘बंद’ ऐकल्याबरोबर पळत सुटते. ‘नाही’ ऐकायला थांबतच नाही. रोज सकाळी सुमनच तिच्यापुढचा दगड उचलत होती, आणि न अडखळल्याबद्दल टाळ्या ओळीला मिळत होत्या. कंडक्टरनं तिकिटाचं विचारलं ते तिला दुसऱ्यांदा ऐकू आलं.

आता काय करायचं, हे तिनं ठरवलं नाही. ठरवायची वेळ येऊ नये म्हणून ती रोज ‘चालू’ लिहीत राहिली.

मुंबईचे साहेब आले तो दिवस. निळा सफारी, हातात डायरी, दाराशी बूट काढताना मोज्याला पडलेलं भोक दिसलं तेव्हा सगळ्यांनी दुसरीकडे पाहिलं. सुधा त्यांच्या बाजूला उभी राहून समजावत होती. सुमन चिठ्ठ्या उतरवत होती. साहेबांनी विचारलं की ह्या बाई काय करतात. गायधनी म्हणाले, “त्या टाइप करतात.”

खोटं काहीच नव्हतं त्यात.

पुढची चिठ्ठी निवृत्तीची होती. ‘मोठा कॉम्प्रेसर बंद नाही. आवाज करतो.’ सुमनची बोटं ‘कॉम्प्रेसर’पर्यंत गेली आणि थांबली. टाइम ऑफिसात पहिल्या दिवशी तिला एकच नियम शिकवला होता. समोर आहे तसं उतरवायचं, माशीला माशी. आपली अक्कल मध्ये घालायची नाही. त्या टाइप करतात. तिनं चिठ्ठीतलं अक्षरन् अक्षर उतरवलं. बंद. नाही. फाइल पुढं ढकलली आणि हात मांडीवर ठेवले.

सुधानं ओळ चालवली. पडद्यावर उमटलं की प्रेस शॉपचं एक कार्ड छपाईला गेलं. साहेबांनी मान डोलावली. गायधनी त्यांना चहाला घेऊन गेले.

त्या खोलीच्या भिंतीतून मोठ्या कॉम्प्रेसरची धडधड दिवसभर येत असे. इतकी, की ती कुणाला ऐकूही येत नसे. चहा अर्धा झाला असेल, ती थांबली. अख्ख्या प्रेस शॉपची हवा त्या एका यंत्रावर. सगळे प्रेस गप्प झाले. सुधानं मान वर करून भिंतीकडे पाहिलं. मग तिनं फाइल उघडली, वाचली, आणि सुमनकडे पाहिलं. ती काही बोलायच्या आत गायधनी दारात आले. घाईत ते चपला घालूनच आत आले होते.

प्रेस शॉपमध्ये निवृत्ती ओरडत होता की मी बंद नाही असं लिहिलंय, बंद नाही, कुणाला वाचता येतं की नाही. घरी जायला निघालेला, गळ्यात मफलर, डबा हातात. कॉम्प्रेसर खोलून झुंबर फिटर त्याच्यापुढं उकिडवा बसला होता. हा घोटीकडचा, कामाशी काम ठेवणारा माणूस. साहेब, गायधनी, दोघी बाया असे सगळे समोर उभे राहिले तरी तो उठला नाही. तेलकट हातात एक पोलादी चकती धरून त्यानं ती उजेडाकडे केली. चकतीत केसासारखी रेघ होती.

“कागद आला म्हून खोललं,” तो म्हणाला. “तं ही झडप तडकेल हाय. दुपारपोत तुकडा आत गेला असता, मंग लय दिवस बसले असते समदे.”

निवृत्तीनं डबा खाली ठेवला. साहेबांनी चकती हातात घेऊन पाहिली आणि गायधनींना म्हणाले की मशीनला आधीच कळलं म्हणायचं.

सुमनला वाटलं, आता ही पोरगी गप्प बसेल. बसली असती तर सुमननं तिला आयुष्यभर माफ केलं असतं. पण सुधा पुढं झाली.

“सर, मशीनला काही कळलं नाही. चिठ्ठीत ‘बंद नाही’ असं होतं. माझी ओळ चुकली. बरं निघालं ते नशिबानं.”

साहेब तिच्याकडे बघतच राहिले. मग हसले आणि गायधनींना म्हणाले की हुशार पोरं खूप मिळतात, पण इतकं सरळ बोलणारी मिळत नाहीत. हिला सोडू नका.

सुमन तिथंच, प्रेसच्या शेजारी उभी होती. पोरीची फजिती व्हावी म्हणून तिनं माशीला माशी उतरवली होती. तर चूक झाली आणि तिचं कौतुक झालं. मग चूक कबूल केली तर त्याचं आणखी कौतुक झालं. आता ह्यापुढं तिच्या वाईटावर कसं असावं, हेच सुमनला कळेना.

जागा सुधाला मिळाली. गायधनींनी सुमनला स्वतः येऊन सांगितलं, आणि सांगताना त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला. महिनाअखेर टाइम ऑफिस.

त्या दुपारी खोलीत दोघीच होत्या. सुधानं डबा उघडला नव्हता.

“तुम्हाला माहीत होतं,” ती म्हणाली.

“होतं.”

“मी जुन्या चिठ्ठ्या काढून बघितल्या. निवृत्तीभाऊ रोज तसंच लिहितात. तुम्ही रोज ‘चालू’ करत होतात.”

“करत होते.”

“मग सांगितलं का नाही?”

“सांगितलं असतं तर तू ओळ सुधारली असतीस,” सुमन म्हणाली. “मग मी काय केलं असतं?”

सुधाच्या नाकाचा शेंडा लाल झाला. मग म्हणाली, की तुम्हाला वाटतं मला सगळं येतं. मला येतं ते पुस्तकातलं. शॉपमध्ये कोण काय बोलतं, कोण कशाला भितं, ते तुम्हाला चिठ्ठी नुसती हातात घेतली की कळतं. रोज सकाळी तुम्ही चिठ्ठी वाचता वाचता हसता, आणि मला कधी कळत नाही कशाला. मला ते बघवत नाही.

बघवत नाही. सुमननं हा शब्द पुन्हा एकदा मनात म्हणून पाहिला. तो तिच्या ओळखीचा होता.

तिनं खुर्ची पुढं ओढली आणि एक ओळ टाइप केली. ती ओळ बसमधल्या त्या दिवसापासून तिच्या डोक्यात तयार होती. कुणाला द्यायची नाही म्हणून ठेवलेली. आधी ‘बंद’ शोधायचं. जे सापडेल ते एका उभ्या रेघेतून पुढच्या ग्रेपकडे द्यायचं, आणि त्याला सांगायचं की ज्या ओळीत ‘नाही’ आहे ती टाकून दे. ह्या चाळणीनंतरही काही उरलं, तरच ती दोन मांडी घातलेली माणसं, आणि तरच कार्ड. तिनं निवृत्तीची चिठ्ठी त्यातून काढली. कार्ड निघालं नाही. निरंक.

सुधा वाकून बघत होती. तिचे ओठ आवळले गेले, डोळे बारीक झाले, आणि तिनं अगदी हळू “हं” केलं. सुमनला तो चेहरा पुरता माहीत होता. गेले दोन महिने केस विंचरताना तो तिला आरशात दिसत होता. आता दुसऱ्याच्या तोंडावर बघताना तो तिला फार देखणा वाटला.

पण सुधा गर्गे तिथं थांबणारी नव्हती. तिनं चष्मा वर सरकवला, सुमनच्या हाताखालून हात घालून फाइलमध्ये एक वाक्य टाइप केलं आणि सुमनची ओळ त्यावर चालवली. वाक्य होतं, ‘मोटर बंद. सुरू होत नाही.’

ओळीनं ते ‘नाही’ पाहिलं आणि टाकून दिलं. निरंक.

“आता ही मोटर बंदच राहणार, बाई,” सुधा म्हणाली. ती आनंदात होती, आणि तिनं ते लपवलं नाही.

मग जेवण राहिलंच. सुमननं ‘बंद नाही’ हे दोन शब्द शेजारी असतील तरच ती ओळ टाकायची, असं केलं. सुधानं लिहिलं, ‘पंप बंद, पंखा बंद नाही’, एकाच ओळीत, आणि पंप बुडाला. सुमननं चिठ्ठीतलं प्रत्येक वाक्य वेगळ्या ओळीवर टाकायचं ठरवलं. सुधा म्हणाली की निवृत्तीभाऊ वाक्य संपवतात कुठं. सुमन हसली, आणि ह्या वेळी कशाला ते सुधाला कळलं. भोंगा झाला तेव्हा दोघींना एवढंच पटलं होतं, की ‘बंद’ सापडलं तर मशीननं कार्ड छापू नये; ती ओळ बाजूला काढून कुणाला तरी दाखवावी, आणि त्या कुणीतरी ती वाचावी.

सुधा उठून गायधनींकडे गेली. ती काय बोलली ते सुमनला ऐकू आलं नाही. काचेतून फक्त गायधनींचा चष्मा पुन्हा निघालेला दिसला. मुंबईला नवा कागद पाठवायचा म्हटलं की भिणारे ते गृहस्थ. त्यांनी तोड काढली. जागा एकच, ती सुधाची. पगारेबाईंचं नाव टाइम ऑफिसच्या पटावर. पण चिठ्ठ्या उतरवायचं काम जेवणाच्या सुट्टीपर्यंत ह्याच खोलीत होईल, तात्पुरतं. खुर्ची मात्र एकच मंजूर होती, म्हणून सुमनसाठी प्रेस शॉपमधून एक लोखंडी स्टूल आलं.

जयराम म्हणाला, “अर्धा दिवस का होईना, आत आहेस.” सुमन म्हणाली की अर्धा दिवस बाहेर आहे, ते बघ.

कारण खरं दुखायचं ते जेवणानंतर. पत्र्याच्या खोलीत हजेरीचे तक्ते बडवताना तिला दिसत राही, की सुधा आता एकटी आहे, गार हवेत, आणि काहीतरी लिहिते आहे. काय लिहीत असेल. कुठल्या पानापर्यंत पोचली असेल. सकाळी गेलं की पडद्यावर काहीतरी नवीन असायचंच, आणि सुधा अगदी सहज म्हणायची, “हे बघा ना बाई, काल दुपारी सुचलं.” काल दुपारी. त्या दोन शब्दांनी सुमनचा सकाळचा चहा कडू व्हायचा.

मग एका दुपारी तिनं तक्ता बाजूला सारला, कोरा कागद घेतला, आणि निवृत्तीसारखं अक्षर काढून एक वाक्य लिहिलं. खोडलं, पुन्हा लिहिलं. दुसऱ्या सकाळी ती चिठ्ठी खऱ्या चिठ्ठ्यांत घालून तिनं न हसता उतरवली. ‘बंद पडेल असं वाटत नाही, पण बंद पडणार नाही असंही नाही.’

सुधानं ती ओळ वाचली. हिच्यावर कार्ड निघावं की नाही, हे आधी माणसालाच ठरवेना. तिनं सुमनकडे संशयानं पाहिलं. सुमन पुढची चिठ्ठी उलगडत होती. सुधा परत पडद्याकडे वळली. वेणी पुढं घेऊन तिचं टोक दातात धरलं, डिप्लोमाची वही काढली, मिटली, पुस्तक काढलं.

चहाची घंटा झाली. सुमन उठली, “चल,” म्हणाली. सुधा हललीसुद्धा नाही. सुमन काचेच्या दाराबाहेर गेली, दोन कप घेतले, आणि काचेतून त्या वाकलेल्या पाठीकडे बघत दोन्ही कप सावकाश प्यायली.